साखरपुडा कोणत्या खिडकीवर चालतो?

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात मुलगी लग्नाची आहे आणि स्थळं 'बाहेरची' येतायत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. भाचीला विचारूनच लिहितोय. "मामा, नाव टाकू नको, गाव टाकू नको, बाकी सगळं लिही," म्हणाली. म्हणून राहाता तालुका एवढंच सांगतो. दाजींची पेरूची बाग आहे, थोडा ऊस आहे. भाची एम.फार्म. झालेली, पुण्यात औषध कंपनीत नोकरीला. मुलगा संगमनेरकडचा, सात वर्षांपासून अमेरिकेत, टेक्ससला. मुलगा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण अशी पोस्ट दिसली की लोक लगेच 'फसवलं वाटतं' म्हणून मोकळे होतात. कोणी कोणाला फसवलेलं नाही. तरी लग्न अडलंय.

गेल्या मे महिन्यात साखरपुडा झाला. १४ डिसेंबर, रविवार, काढीव मुहूर्त का होईना पण ठरला. मंगल कार्यालयाला विसार दिला, आचारी ठरला, पत्रिकेचा मजकूर तयार झाला. आज जानेवारी संपत आलाय आणि पोरगी आईवडिलांच्याच घरी आहे. गावात केळवणं झाली होती तिची. ज्यांच्या घरी जेवून आली ते आता रस्त्यात विचारतात, "काय गं, कधी जायचं मग?" पोरगी हसते आणि गाडीला किक मारते.

काय झालं ते नीट सांगतो, कारण मलाही हे सगळं मे महिन्यानंतरच कळलं. आधी कळलं असतं तर मी वेगळा वागलो असतो, त्याचं पुढे येतंच.

मुलगा एच-वन-बी वर आहे. आपल्याकडे याला सरसकट 'व्हिसा' म्हणतात, पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक, तिथे राहून काम करण्याची परवानगी. ती त्याच्याकडे आहे, अजून दीड वर्ष आहे. दुसरी, पासपोर्टवरचा शिक्का, म्हणजे देशात शिरण्याची परवानगी. तो शिक्का संपलाय. तिथे राहतोय तोवर काही बिघडत नाही. पण एकदा विमानात बसून बाहेर आला की परत जायला नवा शिक्का लागतो, आणि तो मिळतो भारतातल्या त्यांच्या वकिलातीत. घरात राहायचा हक्क आहे, पण उंबरा ओलांडला तर आत यायला परत चावी मागावी लागते, असं समजा.

पूर्वी अशा नूतनीकरणात बऱ्याच लोकांना मुलाखत माफ असायची, कागद टाकले की पासपोर्ट शिक्क्यासह परत. ती सवलत २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांसाठी बंद झाली. त्याच आठवड्यात दुसरा नियम आला, की अर्ज आपल्या स्वतःच्या देशात किंवा जिथे राहता तिथेच करायचा. म्हणजे बँकॉकला किंवा दुबईला जाऊन पटकन शिक्का मारून आणायची पळवाटही गेली. मग १९ सप्टेंबरचा तो शुक्रवार. नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर, म्हणजे साधारण ८८ लाख रुपये. आपल्याकडे सर्वपित्रीच्या आदली रात्र-पहाट होती. दाजींचा फोन, मुलाच्या वडिलांचा फोन, टीव्हीवर पट्ट्या पळतायत, कोणी म्हणतंय दरवर्षी भरायचे, कोणी म्हणतंय आहेत तेही परत पाठवणार. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे नव्या अर्जांना आहे, जुन्यांना नाही, आणि दरवर्षी नाही. पण त्या एका रात्रीत माझ्या बहिणीचं जे पाणी झालं ते परत आलं नाही. तेव्हापासून ती रोज बातम्या बघते. ज्या बाईने कधी विधानसभेचा निकाल पूर्ण पाहिला नाही, तिला आता अमेरिकेच्या गृहखात्याचे नियम पाठ आहेत.

तरीही डिसेंबरचं सगळं जुळत होतं. मुलगा १० तारखेला निघणार, १४ ला लग्न, १५ ला ग्रामपंचायतीत नोंद आणि दाखला, मग मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात दोघांची मुलाखत, त्याचा एच-वन-बी आणि तिचा एच-फोर, म्हणजे बायकोचा व्हिसा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघं विमानात. तीन आठवड्यांच्या रजेत मावणारा संसार. आपल्या जिल्ह्यातून अशी कित्येक लग्नं या हिशोबाने झालीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आला. १५ डिसेंबरपासून एच-वन-बी आणि एच-फोरवाल्यांची समाजमाध्यमांवरची खाती तपासणार, त्यामुळे रोजच्या मुलाखती कमी, तुमची तारीख पुढे ढकलली, नवी तारीख मार्चमध्ये. जे आधीच भारतात येऊन बसले होते ते इथेच अडकले, नोकऱ्या तिकडे, घरभाडं तिकडे, गाडीचे हप्ते तिकडे. आपला मुलगा निघायच्या आधी अडला म्हणून नोकरी वाचली. आला असता तर लग्न झालं असतं, पण परत कधी जाणार हे कोणालाच सांगता आलं नसतं, आणि कंपनी मार्चपर्यंत खुर्ची राखून ठेवत नाही.

खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची, असाही नियम आहे. मुलाने खातं उघडं केलं. त्याच संध्याकाळी त्याच्या चुलत आत्याला त्याचे सात वर्षांपूर्वीचे गोव्याचे फोटो सापडले. असो.

आता मुद्द्याचं. या आठ महिन्यांत मला एक गोष्ट उमगली. आपल्याकडे सुपारी फुटली की अर्धं लग्न झालं. साखरपुडा झाला की मुलगी 'त्यांची' झाली. सासरचं कोणी गेलं तर ती सुतकाला जाऊन बसते, दिवाळीला तिकडून साडी येते, पुण्यातली नोकरी बदलायची तर तिकडे विचारावं लागतं. सगळं गाव हे नातं मानतं. पण जगातल्या बहुतेक खिडक्यांवर या नात्याला शून्य किंमत आहे. खिडकीवरचा माणूस विचारतो, नवरा की कोणी नाही? मधलं काही त्याच्या फॉर्ममध्ये नाही.

अमेरिकेत 'ठरलेल्या' जोडीदारासाठी एक व्हिसा आहे, के-वन. पण तो फक्त अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त वधूवरासाठी. आत गेल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं, आणि अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. गंमत बघा, त्याच नियमात सूट आहे, की तुमच्या रूढीप्रमाणे लग्नाआधी वधूवरांनी एकमेकांना पाहायचंच नसेल तर भेटीची अट माफ होऊ शकते. म्हणजे आमच्या आजीच्या काळची लग्नपद्धत अमेरिकेच्या नियमात बसते, पण एच-वन-बीवाल्याचा साखरपुडा बसत नाही. ग्रीन कार्डवाल्यालाही हा के-वन मिळत नाही. त्याने आधी लग्न करायचं, मग बायकोसाठी अर्ज, मग रांग, आणि ती रांग वर्षांत मोजतात.

बरं, लग्नाआधी नुसतं भेटायला म्हणून मुलगी जाऊ शकते का? पर्यटक व्हिसाचा त्यांचा कायदा असा आहे, की अर्जदार तिथेच राहायला येतोय असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. आता साखरपुडा झालेल्या मुलीने खिडकीवर उभं राहून काय सांगायचं? खरं सांगितलं, की होणारा नवरा तिथे आहे, तर संशय वाढतो. लपवलं तर खोटं. जे नातं आपण देवाब्राह्मणासमक्ष, चारशे माणसांसमोर जाहीर केलं, तेच तिथे तिच्या विरोधात पुरावा होतं.

इतर देश काही फार वेगळे नाहीत. ब्रिटनमध्ये लग्नासाठी येणाऱ्या जोडीदाराचा सहा महिन्यांचा व्हिसा आहे, पण बोलावणारा तिथला नागरिक किंवा कायम रहिवासी हवा, आणि एप्रिल २०२४ पासून साधारणपणे वर्षाला २९ हजार पौंड उत्पन्नाची अट आहे. तिथे वृद्धांच्या सेवेच्या कामाला गेलेल्यांना तर मार्च २०२४ पासून नव्याने बायको किंवा नवरा सोबत नेताच येत नाही. आपल्या भागातून नर्सिंग केलेली पोरं-पोरी जर्मनीला जायची तयारी करतायत. तिथे जोडीदाराला न्यायचं तर लग्न हवंच, वर काहींच्या बाबतीत जोडीदाराला जर्मनची पहिली परीक्षा पास व्हावी लागते. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला ती माफ आहे. म्हणजे 'जर्मनीला आहे' एवढ्यावर भागत नाही, कोणत्या कार्डावर आहे ते विचारायला पाहिजे.

या अडचणीवर आपल्या लोकांनी तोड काढलीय. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. मुलगा साखरपुड्याला दहा-पंधरा दिवस आला की त्यातच 'कागदोपत्री लग्न' उरकून घ्यायचं. देवळात हार घालून दोन फोटो, पंधरा-वीस पत्रिका छापायच्या, नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार, गुरुजींची सही, ग्रामसेवकाकडे नोंद. दाखला हातात. व्हिसाची तयारी सुरू. 'खरं' लग्न सहा महिन्यांनी, सवडीने, कार्यालयात, घोड्यावरून.

मे महिन्यात आमच्याकडे हा सल्ला देणारा माणूस कोण होता? मी. हो, मीच. मी म्हणालो, "दाजी, गुरुजी आपल्या ओळखीतले आहेत, सही देतील. उद्याच्या उद्या करून टाकू." मुलाकडचे तयार होते. दाजी तयार होते. भाचीला विचारलं, म्हणजे विचारलं असं नाही, सांगितलं. ती म्हणाली, "लग्न झालं नाही तर झालं म्हणून सही का करू?" मी म्हणालो, अगं फॉर्मॅलिटी आहे. ती म्हणाली, "मग घटस्फोट पण फॉर्मॅलिटीच असेल ना मामा?" त्या क्षणी मला राग आला होता. शिकलेल्या पोरी उलट बोलतात वगैरे जे आपण म्हणतो ते मी बाहेर ओट्यावर येऊन म्हणालोही.

नंतर तिने मला मोबाईलवर एक निकाल पाठवला. सर्वोच्च न्यायालयाचा, १९ एप्रिल २०२४ चा, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांचा. खटला दोन वैमानिकांचा. मार्च २०२१ मध्ये साखरपुडा, जुलैमध्ये एका संस्थेकडून लग्नाचं प्रमाणपत्र, त्यावर उत्तर प्रदेशात नोंदणी, आणि विधींसह लग्न ठरलं होतं ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या काळात बिनसलं. प्रकरण घटस्फोटाला गेलं तेव्हा न्यायालयाने म्हटलं, घटस्फोट कशाचा? हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे विधीच झाले नाहीत तर लग्नच झालं नाही, आणि न झालेल्या लग्नाची नोंद केली म्हणून ते झालं असं होत नाही. संस्थेचं प्रमाणपत्र आणि नोंदणीचा दाखला, दोन्ही रद्दबातल. आणि निकालात खास उल्लेख आहे, की परदेशी व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून आधी नोंद करून घ्यायची आणि समारंभ पुढे ढकलायचा, ही पद्धत वाढलीय आणि ती थांबली पाहिजे. लग्न हा नाचगाण्याचा आणि जेवणावळीचा प्रसंग नाही, हेही सुनावलंय. वाचताना मला वाटलं, मी राहात्यात ओट्यावर बसून जे बोलत होतो ते दिल्लीत कोणीतरी ऐकत होतं.

म्हणजे हा 'कागद' दोन्हीकडून घात करतो. नातं टिकलं तर ठीक, कोणी विचारत नाही. पण मोडलं तर मुलगी कागदावर विवाहित. तिला कोर्टात जाऊन एकतर सिद्ध करायचं की लग्न झालंच नव्हतं, म्हणजे आपण सगळ्यांनी खोट्या सह्या केल्या, किंवा लग्न झालं होतं असं मान्य करून घटस्फोट घ्यायचा. परस्परसंमतीचा म्हटला तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं दाखवायचं, मग साधारण सहा महिन्यांची मुदत. ती मुदत कोर्ट माफ करू शकतं, पण कोर्टाची पायरी माफ होत नाही. आणि पुढच्या स्थळाला काय सांगायचं? माझ्या माहितीत एक मुलगी आहे, जिल्ह्यातलीच. एक दिवस सासरी राहिलेली नाही, कार्यालयाची पायरी चढलेली नाही, आणि वधूवर सूचक मंडळाच्या वहीत तिच्या नावापुढे 'घटस्फोटित' लिहिलंय. मुलाचं? मुलाचं लग्न झालं पुढच्या वर्षी.

आणि तिकडच्या बाजूने बघा. लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध असलं पाहिजे, हा अमेरिकेचाही नियम आहे. खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचा ठपका बसला तर दार कायमचं बंद होऊ शकतं. ज्या व्हिसासाठी हा खटाटोप, त्याच्याच मुळावर.

मग माणसं म्हणतात रजिस्टर लग्न करा, विशेष विवाह कायद्याने. हे लग्न स्वतःच वैध आहे, त्याला सप्तपदी लागत नाही. पण १९५४ च्या त्या कायद्यात दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, मग ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर दोघांनी हजर राहून सही. तीन आठवड्यांच्या रजेत ३० दिवस बसवून दाखवा. हा कायदा पळून जाणाऱ्यांना अडवायला वापरतात म्हणून त्यावर टीका होते, पण तो रजेवर येणाऱ्यालाही अडवतो, याकडे कोणाचं लक्ष नाही.

इथे एक गोष्ट सांगायची आहे, जी सांगायला मला जड जातंय. मे महिन्यात भाचीने नुसता नकार दिला नव्हता. ती म्हणाली होती, "मुलगा इथे आहे, गुरुजी आहेत, तुम्ही सगळे आहात. मग खरंच लावा ना लग्न. परवा, घरी, अंगणात. पंधरा माणसं. सप्तपदी करते, मग सही करते." बघा, किती सरळ होतं. विधीपूर्वक लग्न झालं असतं, खरी नोंद झाली असती, दाखला खरा असता. कायद्याला पंधरा माणसं पुरतात. तीनही पुरतात.

नको कोण म्हणालं? आम्ही. दाजी म्हणाले एकुलती एक पोर, अंगणात उरकली म्हणजे लोक काय समजतील, काहीतरी भानगड असेल म्हणतील. मुलाकडचे म्हणाले आमचे दीड हजार पाहुणे, आम्ही सगळ्यांच्या लग्नात जेवलोय, आहेर केलाय, तो परत कसा घ्यायचा. मी म्हणालो मामाला वरातीत फेटा बांधायचाय. म्हणजे आमची तयारी होती, व्हिसासाठी खोटं लग्न करायची आणि लोकांसाठी मोठं लग्न करायची. साधं खरं लग्न तेवढं नको होतं.

मेमध्ये अंगणात लग्न लागलं असतं तर तिचा अर्ज उन्हाळ्यातच लागला असता. सप्टेंबरचे नियम, डिसेंबरचा मेल, यातलं बरंच तिला आडवं आलं नसतं. नक्की मिळालाच असता असं नाही म्हणत, व्हिसाचं कोणी छातीठोक सांगू नये. पण अमेरिकेने अडवलं असं आम्ही जे गावभर सांगत फिरतोय, त्यात आमच्या पंगतीचा वाटा किती हे कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी आपल्या नगरमध्येच मराठा समाजाच्या बैठकीत लग्नाची आचारसंहिता ठरली, मोजके पाहुणे, डीजे नको, प्री-वेडिंग नको. टाळ्या वाजवणाऱ्यात मीही होतो. ते हुंड्याच्या आणि कर्जाच्या संदर्भात होतं आणि बरोबरच होतं. पण साध्या लग्नाचा असाही उपयोग असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

दूरच्या नवऱ्याची वाट बघणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, कुठल्याही गावात जा, फौजीचं घर सापडेल. रजा मंजूर झाली की तारीख, रजा रद्द झाली की तारीख पुढे. गेल्या मे मध्येच हळदीच्या अंगाने सीमेवर परत गेलेल्या जवानांच्या बातम्या आपण वाचल्या. पण तिथे गावाला कळतं का थांबलंय, आणि थांबणाऱ्या मुलीचा मान वाढतो. इथे उलट. मेल वॉशिंग्टनहून येतो आणि बोल मुलीला लागतो. "तेव्हाच सही केली असती तर आज तिकडे असती." हे वाक्य माझ्या बहिणीच्या सासूबाई दिवसाआड म्हणतात. तिला 'हट्टी' ठरवून झालंय. एकाने तर मला सांगितलं, पायगुण बघा म्हणून. अजून पाय घरात पडला नाही आणि गुण बघायला निघाले.

सरकारबद्दलही बोललं पाहिजे. अनिवासी भारतीयांच्या लग्नाची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. संसदेच्या समितीने त्यावर २०२० मध्ये अहवाल दिला. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८७ व्या अहवालात याच विषयावर सर्वसमावेशक कायदा करा म्हणून शिफारस केली. कायदा अजून नाही. आणि या सगळ्या कागदांत चिंता आहे ती लग्नानंतर सोडून गेलेल्या बायकांची, जी रास्तच आहे. पण साखरपुडा होऊन अधांतरी राहिलेल्या मुलीचा विचार कुठेच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस बसणारा एक जाणकार माणूस, जो फुकट सांगेल की कोणत्या व्हिसाला कोणता कागद लागतो, एवढं तरी करता येईल. आज ते काम एजंट करतो, आणि एजंटला लग्न झालं काय नि नाही काय, फी तेवढीच.

कागदावरून आठवलं. भाचीच्या पासपोर्टवर जन्मस्थळ अहमदनगर. ऑक्टोबर २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर. नवा रहिवासी दाखला अहिल्यानगरचा, कॉलेजचे कागद अहमदनगरचे, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर आणखी तिसरंच. एका एजंटने सांगितलं सगळे कागद बदला, दुसऱ्याने सांगितलं एकही बदलू नका. नामांतराला माझा विरोध नाही, चौंडी आपल्याच जिल्ह्यात आहे, अभिमानच आहे. पण आम्ही फाईलमध्ये नामांतराच्या अधिसूचनेची प्रत लावून ठेवलीय, तुम्हीही ठेवा. आणि मुलीचं नाव, मधलं नाव, आडनाव लग्नानंतर लगेच बदलायची घाई करू नका. पासपोर्टवर एक, दाखल्यावर एक, पदवीवर एक झालं की प्रत्येक खिडकीवर तीच गोष्ट परत सांगत बसावं लागतं.

स्थळ बघताना आपण पॅकेज विचारतो, घर स्वतःचं का भाड्याचं विचारतो, शाकाहारी का विचारतो. शिक्का कधी संपतो हे विचारा. नागरिक, ग्रीन कार्ड की वर्क व्हिसा, हे विचारा आणि कागद बघा, लाजू नका. मुलीला तिथे काम करता येईल का विचारा. एच-फोरवर गेलेल्या बायकोला आपोआप कामाची परवानगी नसते, नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं प्रकरण एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं तरच अर्ज करता येतो. आमची एम.फार्म. पोरगी तिथे जाऊन पहिली काही वर्षं बहुधा घरातच बसणार आहे, हे आम्हाला साखरपुड्यानंतर कळलं. तिला आधीच माहीत होतं. तिने मुलाला पहिल्याच फोनवर विचारलं होतं म्हणे. पुण्यातली नोकरी तिने अजून सोडली नाही ते त्यामुळेच, आणि तो तिचा दुसरा 'हट्ट'.

आता ठरलंय ते असं. मार्चची तारीख कायम राहिली तर मुलगा येणार, दुसऱ्या दिवशी राहात्यात अंगणात लग्न, तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत नोंद, मग मुंबई. कार्यालयाचा विसार बुडाला. मालक म्हणाला पुढच्या सीझनला धरून घेतो, दाजी म्हणाले राहू दे. मुलाकडचेही शेवटी हो म्हणाले, जेवण नंतर कधीतरी संगमनेरला देऊ म्हणतात.

तारीख परत पुढे गेली तर काय, हे भाचीला विचारलं. "तर तेव्हा बघू," म्हणाली आणि शुक्रवारी पुण्याला कामावर निघून गेली.

काल रात्री दाजींचा फोन आला. यादी करत बसले होते. म्हणाले, "पंधरा म्हणजे पंधराच का रे? पंचवीस नाही का चालणार? तुझ्या बहिणीच्या जावेचा भाऊ राहतोय."